कासवाला दिलेला शब्द : सृष्टीच्या आरंभ-अंताच्या दोन कथनांचे वाचन

१

मराठीतील तौलनिक मिथकविचाराला साम्यांची यादी करण्याची सवय फार लवकर जडली आणि ती अद्याप पुरती सुटलेली नाही. दूरच्या एखाद्या समाजाची सृष्ट्युत्पत्तीची कथा समोर आली की तिच्या शेजारी नासदीय सूक्त ठेवायचे, विराट देहाच्या तुकड्यांतून जग घडल्याचे आढळले की पुरुषसूक्ताकडे बोट दाखवायचे, जगबुडीचा प्रसंग दिसला की मनूची नौका आठवायची, असा हा क्रम ठरून गेला आहे. उत्तर युरोपातील नॉर्स पुराणकथांच्या बाबतीत तर हा क्रम विशेष सोयीचा ठरतो. इमिर म्हणजे पुरुष, इग्द्रसिल म्हणजे अश्वत्थ, पृथ्वीला वेढून राहिलेला सर्प म्हणजे शेष आणि राग्नारोक म्हणजे प्रलय, अशी समीकरणे मांडली की यादी पूर्ण होते आणि वाचन तेथेच थांबते. कथा काय सांगते हे नोंदले जाते. ती कोणत्या कारणाने अंताकडे जाते, त्या अंताला जबाबदार कोण आणि ते सांगणारा कोण, हे प्रश्न मात्र उपस्थितच होत नाहीत.

प्रस्तुत विवेचनात नॉर्स कथनाच्या शेजारी एक वेगळे कथन ठेवून हे प्रश्न विचारण्याचा प्रयत्न आहे. ते कथन म्हणजे मध्य भारतातील गोंडांचे लिंगोगीत. या निवडीमागे एक भौगोलिक भान आहे. लाखांदूर हे भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण भागातील तालुक्याचे गाव. चुलबंद आणि वैनगंगा या नद्यांच्या काठचा, धानाच्या बांध्यांचा आणि तलावांचा हा मुलूख झाडीपट्टी या नावाने ओळखला जातो. येथील मराठी वाचकाच्या दृष्टीने पुरुषसूक्त आणि व्होलुस्पा या दोन्ही संहिता ग्रंथांतून आलेल्या आहेत. लिंगोची कथा मात्र त्याच्या परिसरातील आहे. लिंगोने आपल्या लोकांना जेथून मुक्त केले असे मानले जाते ते कचारगड सालेकसा तालुक्यात आहे, आणि १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत ते भंडारा जिल्ह्यातच मोडत होते. या कथेची पहिली लिखित संहिता नागपुरात तयार झाली. वैनगंगेच्या वरच्या अंगाला, बालाघाट-मंडल्याच्या डोंगरांत, बैगांची सृष्टिकथा आहे. मराठी समीक्षेने तुलनेचे माप संस्कृत परंपरेतूनच घेतले पाहिजे असे बंधन नाही. लाखांदुरातून पाहिले तर दुसरे माप हाताशी आहे, आणि ते लावून पाहिले तर नॉर्स कथनाचीही निराळी बाजू उजेडात येते.

२

नॉर्स सृष्टिकथा आज ज्या रूपात परिचित आहे ते रूप प्रामुख्याने दोन ठिकाणांहून आले. पहिले म्हणजे देवविषयक आणि वीरविषयक प्राचीन कवनांचा संग्रह, ज्याचे मुख्य हस्तलिखित ‘कोडेक्स रेगियस’ सुमारे १२७० मधील मानले जाते. ते कित्येक शतके कोपनहेगनमध्ये होते आणि १९७१ मध्ये आइसलँडला परत मिळाले. दुसरे म्हणजे आइसलँडचा इतिहासकार, कवी आणि राजकारणी स्नोरी स्टुर्लुसन याने सुमारे १२२० मध्ये रचलेला गद्य ‘एड्डा’. स्नोरीने विखुरलेल्या कवनांतील सूत्रे जुळवून एक सलग कथा उभी केली. आजची लोकप्रिय सारांशपुस्तके बहुधा स्नोरीची कथा सांगतात आणि ती मूळ कवनांची म्हणून सांगतात. हा भेद समीक्षकाने विसरून चालत नाही.

स्नोरीच्या मांडणीत आरंभी गिनुंगागाप नावाची प्रचंड पोकळी आहे. तिच्या एका बाजूस धुके आणि हिम, दुसऱ्या बाजूस अग्नी. दोहोंच्या संगमावर हिम वितळून इमिर हा आद्य राक्षस निपजतो आणि त्याला दूध देणारी औधुम्ला ही गाय. गाय खारट हिम चाटत असता त्यातून देवांचा पूर्वज बाहेर येतो. पुढे ओडिन आणि त्याचे दोघे भाऊ इमिरला ठार मारतात. त्याच्या मांसाची पृथ्वी, रक्ताचा समुद्र, हाडांचे डोंगर आणि कवटीचे आकाश होते. त्या रक्ताच्या पुरात हिमराक्षसांचे सारे कूळ बुडते. एक जण तेवढा पत्नीसह वाचतो, आणि देवांविषयीचे वैर त्याच्या वंशात चालू राहते. अंतकाळी चालून येणाऱ्यांत हे वैर सामील असतेच.

पुरुषसूक्ताशी असलेले साम्य येथे उघड आहे. इमिर हे नाव आणि वैदिक यम हे नाव जुळे या अर्थाच्या एकाच मूळ धातूपर्यंत नेता येतात, असे भाषाशास्त्रज्ञांनी दाखवले आहे. साम्य खोटे नाही. परंतु पुरुषाचे खंडन हा यज्ञ आहे. तेथे देव विधी करतात आणि त्या विधीतून ऋचा आणि वर्ण अशी व्यवस्था जन्म घेते. इमिरचा मृत्यू हा वध आहे. त्याला विधीचे कवच नाही, मंत्राचे समर्थन नाही. रक्ताच्या बदल्यात रक्त किंवा द्रव्य घेऊन हिशेब मिटवणाऱ्या समाजात ही कथा सांगितली जात होती, हे ध्यानात घेतले म्हणजे जगाच्या पायाशीच एक न फेडलेले खुनाचे ऋण ठेवलेले दिसते. पुरुषसूक्तातील सृष्टी प्रतिष्ठित आहे, तर नॉर्स सृष्टी प्रारंभापासून ऋणको आहे.

येथे एक महत्त्वाची नोंद केली पाहिजे. इमिरच्या देहाची वाटणी स्नोरीने इतर कवनांतून घेतली. ‘व्होलुस्पा’ या मुख्य कवनात ती येत नाही. तेथे इमिरचा काळ उल्लेखिला जातो आणि देव पृथ्वीला वर उचलून धरतात, एवढेच सांगितले जाते. कवनाच्या अखेरीस पृथ्वी पुन्हा समुद्रातून वर येते, धबधबे कोसळतात आणि गरुड मासे टिपत फिरतो. म्हणजे या कवनाच्या दोन टोकांना पाण्यातून वर येणाऱ्या भूमीचीच प्रतिमा आहे. मधल्या भागात जे घडते ते भूमीचे नसून देवांच्या वर्तनाचे आहे.

३

राग्नारोक या शब्दाचा अर्थ देवांची नियती असा होतो. स्नोरीने त्याच्या जवळचा, पण संधिप्रकाश सुचवणारा दुसरा शब्द वापरला. पुढे १८७६ मध्ये प्रथम सादर झालेल्या वॅग्नरच्या संगीतनाटकाने ‘देवांचा संधिप्रकाश’ हीच कल्पना जगभर रूढ केली. परिणामी या अंताभोवती एक विषण्ण, सुंदर धुके जमले. मूळ कवने मात्र धुक्यात बोलत नाहीत. ती हिशेब मांडतात.

हा हिशेब मोडलेल्या वचनांचा आहे. देवांच्या नगरीभोवती तट बांधून देण्याचे एक कारागीर कबूल करतो, मोबदल्यात फ्रेया, सूर्य आणि चंद्र मागतो. तो ठरल्या मुदतीत काम पुरे करू शकणार नाही या भरवशावर देव शब्द देतात. काम पुरे होत आले तसे ते कपटाने त्याला रोखतात आणि अखेर थोर त्याला ठार करतो. ‘व्होलुस्पा’त हा प्रसंग अस्पष्टपणे सूचित आहे, परंतु शपथा मोडल्या गेल्या हे तेथे स्वच्छ सांगितलेले आहे. फेनरिर या लांडग्याला बांधण्यासाठी देव मांजराच्या पावलांचा आवाज, स्त्रीची दाढी, पर्वताची मुळे अशा नसलेल्या वस्तूंपासून एक मऊ दोर करवून घेतात. लांडग्याला संशय येतो. सद्भावाची खूण म्हणून कोणीतरी आपला हात त्याच्या जबड्यात ठेवावा, अशी अट तो घालतो. टीर हात ठेवतो. लांडगा बांधला जातो, हात तुटतो आणि इतर देव हसतात. हे हसणे म्हणजे एका समूहाने आपल्याच जामिनाचा केलेला अपमान होय. जगाची सुरक्षितता कपटाच्या दोराला बांधलेली आहे, आणि तो दोर एके दिवशी तुटणार हे साऱ्यांना ठाऊक आहे.

बाल्डरच्या मृत्यूची कथाही याच सूत्रात बसते. त्याची आई फ्रिग जगातील प्रत्येक वस्तूकडून त्याला इजा न करण्याची शपथ घेते. अग्नी, पाणी, लोखंड, पशू, रोग, सारे शब्द देतात. एका कोवळ्या रोपाकडून शब्द घेण्याचे तेवढे राहते. लोकीच्या चिथावणीने आंधळा होड तेच रोप फेकतो आणि बाल्डर मरतो. मृत्युलोकातून तो परत यावा यासाठी अट पडते ती सर्वांनी त्याच्यासाठी रडण्याची. सारे रडतात, एक राक्षसी रडत नाही. दोन्ही वेळा जगाच्या एकमतात एकच छिद्र राहते आणि त्यातून अंत आत शिरतो. त्यानंतर मध्ये उन्हाळा नसलेले तीन हिवाळे, भावाने भावावर उगारलेले शस्त्र, गिळला जाणारा सूर्य आणि सुर्तची आग, हा क्रम अटळपणे उलगडतो.

या अंताला पौराणिक प्रलय म्हणता येईल काय? पुराणांतील प्रलय हा काळाचा व्यापार आहे. कल्प संपतो तेव्हा सृष्टी आवरली जाते, जशी रात्र झाली की दुकान आवरावे. तेथे कोणाच्या वचनभंगाचा प्रश्न नसतो. मिर्चा एलिआदने चक्राकार काळाची जी मीमांसा केली, तिच्यात हा प्रलय सहज बसतो. राग्नारोक तीत पूर्णपणे बसत नाही, कारण तेथील अंत कोणीतरी केलेल्या कृत्यांचा परिणाम आहे. भारतीय परंपरेत याच्या जवळ जाणारे कथन पुराणांतील प्रलयापेक्षा महाभारतातील मौसलपर्वाचे आहे. आपसांत लढून मरणारे यादव, समुद्रात बुडणारी द्वारका आणि सारे ठाऊक असूनही न थांबवणारा कृष्ण. महायुद्ध आणि जगाचा अंत यांचे नाते स्टिग विकांडर आणि जॉर्ज द्युमेझिल यांनी भारत-युरोपीय चौकटीत तपासले आहे. मराठीत इरावती कर्वे यांनी १९६७ मध्ये आपल्या महाभारतविषयक लेखांच्या पुस्तकाला ‘युगान्त’ हे नाव दिले तेव्हा त्यांनीही अंताचा विचार माणसांच्या कृतींकडे वळवला होता. मराठी वाचकाला राग्नारोकची वाट प्रलयातून सापडत नाही, ती युगान्तातून सापडते.

नैसर्गिक कारणांचा शोधही येथे घेतला गेला आहे. इसवी सन ५३६ नंतरच्या धूसर, थंड वर्षांची आठवण त्या दीर्घ हिवाळ्यात असावी, असे काही अभ्यासक मानतात. आइसलँडमधील एल्डग्या ज्वालामुखीचा दहाव्या शतकातील उद्रेक आणि ‘व्होलुस्पा’तील काळवंडणारा सूर्य यांचा संबंध २०१८ मध्ये हवामान-इतिहासाच्या अभ्यासकांनी मांडला. हे संबंध खरे असू शकतात. पण राख पडली हे कारण प्रतिमेला पुरते, कथेला पुरत नाही. राख पाहून समाजाने ‘आपण शब्द मोडला होता’ असे का म्हटले, याचे उत्तर ज्वालामुखी देत नाही.

४

आता लिंगोगीताकडे वळता येईल. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४० च्या दशकात नागपुरात आले. त्यांनी एका परधानाच्या तोंडून हे दीर्घ गीत उतरवून घेतले. १८६३ मध्ये नागपूरजवळ पूर आलेल्या नाल्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. त्यांची कागदपत्रे सर रिचर्ड टेम्पल यांनी १८६६ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केली आणि तीत हे गीत गोंडी शब्द व इंग्रजी अर्थ यांसह छापले गेले. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात त्याचा विस्तृत सारांश आहे.

या संहितेत गोंड जन्माला येतात, त्यांच्या राहणीने आणि गंधाने महादेव संतापतो आणि त्यांना एका गुहेत कोंडून तोंडाशी प्रचंड शिळा लावतो. पार्वतीला त्यांची उणीव भासते. लिंगोचा जन्म होतो. कोंडवाड्यातून निसटलेल्या भावांबरोबर तो राहतो, त्यांना शेती आणि अग्नी यांची ओळख करून देतो. पुढे भावांच्या बायका त्याच्यावर खोटा आळ घेतात. भाऊ त्याला ठार मारतात आणि त्याचे डोळे काढून गोट्यांसारखे खेळतात. देव त्याला अमृताने पुन्हा उठवतात. उठलेला लिंगो सूड घ्यायला जात नाही. तो कोंडलेल्या गोंडांचा शोध घेत निघतो, सर्पाला मारून बिंदो पक्ष्याची पिले वाचवतो आणि अखेर गुहेची शिळा हटवतो. सुटलेले गोंड नदीपाशी येतात. काही मागे रेंगाळतात आणि नदीला पूर येतो. मगर आणि कासव त्यांना पैलतीरी नेण्यास तयार होतात. मगर मध्येच बुडी मारून त्यांना गिळायला पाहते, कासव त्यांना वाचवते. त्या बदल्यात कासवाला कधीही इजा न करण्याचा शब्द दिला जातो. लिंगो गोंडांची कुळे आणि देव लावून देतो आणि स्वतः देवांकडे निघून जाताना त्यांना बजावून जातो की कासवाला दिलेला शब्द पाळा.

दोन कथनांतील समांतर जागा नजरेत भरण्याजोग्या आहेत. निरपराधाचा आप्ताकडून वध दोन्हीकडे आहे, त्याचे परतणे दोन्हीकडे आहे, सर्प आहे, पक्षी आहे, पूर आहे. राग्नारोकनंतर वाचलेल्या देवांना गवतात पूर्वीच्या पटावरील सोन्याच्या सोंगट्या सापडतात, आणि बाल्डर आपल्या मारेकऱ्यासह एकत्र राहू लागतो. तेथे खेळ हा हरवलेल्या निरागसतेची खूण आहे. लिंगोगीतात खेळ हाच अपराध आहे, कारण भाऊ ज्यांनी खेळतात ते लिंगोचे डोळे आहेत. एवढ्या एका तपशिलात दोन कवींच्या जगांतील अंतर मोजता येते. एकाला खेळ परत मिळाल्याचे समाधान वाटते. दुसऱ्याला माणूस कशाशीही खेळू शकतो याची भीती वाटते.

परंतु खरे सूत्र या समांतर जागांच्या खाली आहे. दोन्ही कथनांत जग एखाद्या खांबावर किंवा सर्पाच्या फण्यावर उभे आहेच. त्याहून अधिक ते दिलेल्या शब्दावर उभे आहे. मराठीत शब्द या शब्दाला उच्चार आणि वचन असे दोन्ही अर्थ आहेत, हा योगायोग येथे उपयोगी पडतो. नॉर्स देव शब्द देतात तो बलवानाकडून भीतीपोटी घेतलेली सवलत म्हणून, आणि म्हणून तो मोडतात. गोंड शब्द देतात तो एका दुबळ्या, मंद प्राण्याला, त्याने पाठीवर वाहून नेल्याबद्दल. नॉर्स कथनाचा अंत मोडलेल्या शब्दांनी घडतो. लिंगोगीत अंतापर्यंत जातच नाही. ते शब्दापाशी थांबते आणि पुढची जबाबदारी ऐकणाऱ्यावर टाकते. अंत त्यात अनुपस्थित आहे असे म्हणणे बरोबर नाही. तो अटीच्या रूपाने उपस्थित आहे.

बैगांची सृष्टिकथा या वाचनाला बळ देते. व्हेरियर एल्विन यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बैगाविषयक ग्रंथात ती येते. सर्वत्र पाणी असते. भगवान अंगाच्या मळापासून कावळा करतो आणि त्याला माती शोधायला धाडतो. खेकडा त्याला मदत करतो आणि पाताळातील गांडुळाने गिळलेली माती ओकवून वर आणली जाते. पृथ्वी डळमळत राहते म्हणून नंगा बैगा तिला चार कोपऱ्यांत खिळे ठोकून स्थिर करतो. इमिरच्या कथेत पृथ्वी प्रेतापासून बनते. येथे ती कावळा, खेकडा आणि गांडूळ यांच्या श्रमातून, उसनवारीने येते. म्हणूनच नांगर म्हणजे धरतीच्या छातीवर घाव, असे बैगा मानत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वनखात्याने त्यांच्या फिरत्या शेतीवर निर्बंध आणले आणि त्यांना नांगर धरायला लावला, तेव्हा त्यांच्या दृष्टीने तो शेतीतील बदल नव्हता. पृथ्वीशी असलेला करार त्यांच्याकडून बळाने मोडून घेतला जात होता.

५

येथवरचे वाचन कथांच्या आशयापुरते झाले. त्या कथा लिहिल्या कोणी, हा प्रश्न आता टाळता येत नाही. आइसलँडने इसवी सन १००० च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला. स्नोरी त्यानंतर दोन शतकांनी लिहीत होता आणि स्वतः ख्रिस्ती होता. जुन्या देवांना त्याने ट्रॉयहून आलेली प्राचीन माणसे ठरवले आणि त्यांच्या कथा तरुण कवींना काव्यपरंपरा कळावी या हेतूने जपल्या. हिस्लॉप ज्या धर्माचे प्रचारक होते, त्याच्या दृष्टीने लिंगोची कथा हे मागे टाकायचे जग होते. दोन्ही संहिता अशा हातांनी जपल्या की ज्यांच्या श्रद्धेत त्या कथांना उद्या नव्हता. जगाच्या अंताची कथा लिहून ठेवली जाण्यासाठी आधी सांगणाऱ्याचे जग संपत आलेले असावे लागते काय, असा प्रश्न येथे पडतो. ‘व्होलुस्पा’तील भविष्यवादिनी ओडिनला पुन्हा पुन्हा विचारते की याहून अधिक जाणून घ्यायचे आहे का. त्या प्रश्नात सांगणारीचा थकवा ऐकू येतो आणि ऐकणाऱ्याची असहायताही.

हिस्लॉपांच्या संहितेविषयी आणखी एक आक्षेप आहे आणि तो गंभीर आहे. तीत महादेवाला मध्यवर्ती स्थान आहे आणि गोंडांच्या राहणीविषयी तुच्छतेचा सूर आहे. हा सूर गायकाचा, लेखनिकाचा की त्या काळच्या हिंदू परिसराचा, हे वेगळे काढणे अवघड आहे. या पार्श्वभूमीवर मोतीरावण कंगाली यांच्या कामाकडे पाहावे लागते. १९४९ ते २०१५ हा त्यांचा काळ. पारी कुपार लिंगो आणि कोया पुनेम यांविषयीच्या लेखनातून त्यांनी ही कथा गोंड दृष्टीतून पुन्हा मांडली. कचारगडची माघ पौर्णिमेची यात्रा उभी राहण्यात त्यांचा वाटा होता. त्यांच्या मांडणीत कली कंकालीची तेहतीस मुले गुहेत कोंडली जातात. त्यांची सुटका होते ती हिरासुका पाटालीर या वादकाच्या सुरांनी. किंगरीच्या नादाने मुलांच्या अंगी बळ येते, ती शिळा ढकलतात आणि तीच शिळा वादकाला चिरडते.

या मांडणीला अर्वाचीन रचना म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण तोच निकष स्नोरीला लावला तर नॉर्स पुराणकथेचा सलग आराखडाच हातून जाईल. स्नोरी आणि कंगाली दोघेही पुनर्रचनाकार आहेत. दोघांनीही विखुरलेले तुकडे जुळवले, दोघांनीही आपल्या काळाच्या गरजेने जुळवले. भेद एवढाच की स्नोरीने आपल्या नसलेल्या देवांची कथा जपली आणि कंगाली यांनी आपल्याच लोकांचे देव त्यांना परत देण्याचा प्रयत्न केला. एका कृतीला साहित्य म्हणायचे आणि दुसरीला प्रचार म्हणायचे, हा भेद समीक्षेने कोणत्या आधारावर करायचा? हिरासुकाची प्रतिमा काव्यदृष्ट्याही दुबळी नाही. दार उघडणारा गायकच दाराखाली सापडतो, यात मौखिक परंपरेच्या भवितव्याचे जे भान आहे ते कोणत्याही आधुनिक कवितेला भूषणावह ठरेल.

दुर्गा भागवत यांनी लोकसाहित्याचा शास्त्रीय अभ्यास मराठीत रुजवताना मध्य प्रांतातील आदिवासींकडे लक्ष वेधले होते. लोककथा ही कच्चा माल नव्हे, तिला स्वतःचे रचनाभान असते, हा त्यांच्या कामाचा आग्रह मराठी समीक्षेने तत्त्वतः मान्य केला. व्यवहारात मात्र लिंगोगीत मानववंशशास्त्राच्या कपाटात राहिले आणि एड्डा विश्वसाहित्याच्या. ही वाटणी बदलायची असेल तर लिंगोगीताकडे संहिता म्हणून पाहावे लागेल. तिची पुनरुक्ती, तिचा विनोद, मध्येच थांबून पक्ष्याच्या पिलांशी बोलणारा तिचा निवेदक, यांचे बारकाईने वाचन करावे लागेल.

६

या साऱ्याचा लाखांदूरशी संबंध केवळ अंतराचा नाही. या मुलखाने पाण्याचा अनुभव दोन्ही अंगांनी घेतला आहे. कोहळींनी बांधलेल्या तलावांवर येथील धान पिकले. तलावाची पाळ, जिला झाडीबोलीत पार म्हणतात, ती टिकवणे हे गावाचे सामाईक काम होते, आणि पाळ फुटणे ही गावाच्या अनुभवातली जगबुडी होती. पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली आणि नागपूर-भंडारा जिल्ह्यांतील अनेक गावे पुढे त्याच्या जलाशयात गेली. तेथील माणसांनाही शब्द दिले गेले होते, आणि पुनर्वसनाचे ते शब्द कितपत पाळले गेले यावर अनेक वर्षे आंदोलने झाली. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेच्या महापुराने भंडारा जिल्ह्यातील नदीकाठची वस्ती पाण्याखाली गेली. पुराच्या पाण्यात कोण पाठ पुढे करतो आणि कोण बुडी मारतो, हा लिंगोगीतातील प्रश्न येथे जुना झालेला नाही.

दुसरा अंत याहून संथ आहे. २०११ च्या जनगणनेत सुमारे २९ लाख ८४ हजार लोकांनी गोंडी ही मातृभाषा नोंदवली. गोंड म्हणून नोंदलेल्या लोकसंख्येच्या मानाने हा आकडा फार लहान आहे. झाडीपट्टीतील गोंडांच्या कित्येक घरांत आता झाडीबोली मराठीच बोलली जाते. झाडीबोलीचीही स्थिती निर्वेध नाही. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिचे शब्द, दंडार आणि खडी गंमत यांची नोंद केली, ती बोली अशुद्ध ठरवणाऱ्या शालेय संस्काराला तोंड देतच. म्हणजे प्रमाण मराठीपुढे झाडीबोली आणि झाडीबोलीपुढे गोंडी, अशी ही उतरंड आहे. वरच्या पायरीवर अन्याय झाल्याची तक्रार करणाऱ्याने खालच्या पायरीकडे पाहिलेले असतेच असे नाही. झाडीबोलीच्या अभ्यासकांपुढे हा नैतिक प्रश्न आहे आणि मराठीच्या विद्यापीठीय अभ्यासापुढे तो अधिकच आहे.

नॉर्स कथनात अंतकाळी दोन माणसे वाचतात. ती एका वनात लपून राहतात, दवावर जगतात आणि त्यांच्यापासून पुढची माणसे होतात. झाडी हे ज्या प्रदेशाचे नावच आहे, तेथील वाचकाला ही प्रतिमा परकी वाटू नये. मात्र तिच्यात एक सांत्वन आहे, आणि ते तपासून घेतले पाहिजे. वनात काहीतरी उरतेच, ते आपोआप पुन्हा उगवते, असा दिलासा भाषेच्या बाबतीत खरा ठरत नाही. ‘व्होलुस्पा’च्या कवीलाही तो पुरता मान्य नसावा. पुन्हा हिरव्या झालेल्या पृथ्वीचे चित्र रंगवल्यावर त्याने शेवटच्या कडव्यात प्रेते वाहून नेणाऱ्या निडहोगला आकाशातून उडताना दाखवले आहे. जगाच्या मुळाशी कुरतडत बसलेला हा प्राणी नव्या जगातही हजर आहे. त्याच्या येण्याचा अर्थ काय यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण त्या कडव्यामुळे कवनाचा शेवट सुखान्त म्हणून वाचणे अवघड होते, हे निश्चित.

लिंगोगीत असा दिलासा देतच नाही. तेथे नव्या जगाचे आश्वासन नाही, पैलतीरी पोचलेल्यांना करून दिलेली आठवण आहे. नदी ओलांडून आलेल्याने ज्याच्या पाठीवरून आलो त्याला विसरू नये, ही ती आठवण. मराठीही या मुलखात अनेकांच्या पाठीवरून आली आहे. गावांची, नाल्यांची, तलावांची आणि झाडांची कितीतरी नावे तिने गोंडीतून उचलली आहेत. विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत लिंगोगीताला साहित्यसंहिता म्हणून जागा देणे, त्याचे मूळ गोंडीवरून थेट मराठी भाषांतर करवून घेणे आणि त्या कामात गोंडी बोलणाऱ्यांनाच निवाड्याचा अधिकार देणे, एवढ्या गोष्टी आजही करता येण्याजोग्या आहेत. त्या केल्या तर राग्नारोकसुद्धा मराठीत अधिक नीट वाचता येईल.